घरात गोलाई आणायची तर कुठे? सोफा, टेबल, कमान आणि कोपऱ्यांचा हिशेब

मोबाईलवरचा फोटो पुढे करून "मिस्त्री, अगदी असाच गोल सोफा करायचाय" असं सांगणारी घरं आता बेळगावपासून इंदूरपर्यंत सगळीकडे भेटतात. फोटोतली खोली मोठी असते, भिंती रिकाम्या असतात, कुठे चप्पल नाही की चार्जरची वायर नाही. आपला हॉल १० बाय १२ चा. त्यात टीव्हीचं युनिट, शू-रॅक, आजोबांची खुर्ची आणि दिवाळीला चार पाहुणे. सोफा आल्यावर पहिले आठ दिवस सगळे कौतुक करतात. नवव्या दिवशी टीव्हीसमोरून जाणाऱ्याची मांडी टेबलाला घासते.

गोल आकार वाईट नाहीत. उलट योग्य जागी असले तर ते घर सोपं करतात. पण जागा कोणती, हे माणसं घरात कुठून कुठे चालतात यावरून ठरतं, फोटोवरून नाही. माणूस जिथून वळतो, जिथे हात टेकतो, जिथे पोर धावतं, तिथे गोलाईचा उपयोग. जिथे वस्तू भिंतीला टेकते, तिथे सरळ रेषच बरी. हा एक नियम धरून घरातल्या एकेका गोष्टीचा हिशेब पाहू.

गोलाई आपल्याकडे नवी नाही

मराठी घराला गोल आकार कोणी बाहेरून शिकवले नाहीत. वाड्यातले सुरूच्या झाडासारखे निमुळते लाकडी खांब, दोन खांबांमधली महिरप, देवडीची कमान, भिंतीतला कमानदार कोनाडा हे सगळं पेशवाईच्या काळात रुळलेलं होतं. स्वयंपाकघरात तर जवळपास सगळंच गोल: जातं, उखळ, परात, पोळपाट, माठ. गोव्यातल्या जुन्या घरांत वळणदार हातांच्या, वेताने विणलेल्या खुर्च्या आणि आरामखुर्च्या आजही दिसतात.

या वस्तू गोल का होत्या, हे पाहण्यासारखं आहे. जातं फिरतं म्हणून गोल. परातीत कणीक मळताना हात फिरतो, कोपऱ्यात पीठ अडकून चालत नाही, म्हणून ती गोल. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ च्या आपल्या अहवालात ज्या वस्तूचं सर्वांत जास्त कौतुक केलं, ती होती आपला लोटा. हातात कसा बसतो, डोक्यावर-कडेवर कसा नेता येतो, ओततो कसा, घासायला कसा, या सगळ्यांतून त्याचा आकार घडला, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. घरात गोल वस्तू आणताना लोट्याचीच कसोटी लावावी: या गोलाईचं काम काय?

लाकूड गोल होतं कसं

दुकानात दोन गोल खुर्च्या सारख्याच दिसतात, किमतीत मात्र दुप्पट फरक असतो. कारण गोलाई घडवण्याच्या पद्धती वेगळ्या असतात. मुख्य पद्धती पाच.

१. कापून: जाड फळीतून करवतीने वळण कापायचं. सोपी पद्धत, पण लाकूड खूप वाया जातं. शिवाय लाकडाच्या रेषा सरळच राहतात, त्यामुळे वळणाच्या ठिकाणी त्या आडव्या तुटतात आणि तिथेच खुर्चीचा हात मोडतो. जाडी भरपूर असेल तरच ही पद्धत टिकते.

२. कातून: लाकूड यंत्रावर फिरवत पटाशीने गोल करायचं. हे कातारी किंवा खरादी लोकांचं काम. वडोदऱ्याच्या मराठी घरांना संखेड्याचा झोपाळा आणि सोफा माहीत असतोच. पूर्वी वडोदरा जिल्ह्यात आणि आता छोटा उदेपूर जिल्ह्यात असलेल्या संखेड्यात सागवान कातून, त्यावर रंगकाम करून लाखेची झिलई चढवतात. या फर्निचरला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आपल्या बाजूला सावंतवाडीची लाकडी खेळणी, पाट आणि चौरंग प्रसिद्ध आहेत. कातकामातून गोल पाय, दांडे, खांब उत्तम होतात. लांबलचक वळण मात्र त्यातून होत नाही.

३. वाफवून वाकवणं: लाकूड वाफेत मऊ करायचं आणि साच्यावर वाकवून वाळू द्यायचं. साधारण एक इंच जाडीला एक तास वाफ, असा कारागिरांचा ढोबळ हिशेब असतो. वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाऊन फाटते. मिखाएल थोनेट या जर्मन सुताराने बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी बांधून हा प्रश्न सोडवला. व्हिएन्नात १८५९ मध्ये आलेली त्याची १४ नंबरची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर उभी होती. सुट्ट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. मुंबई, पुणे, हैदराबादच्या इराणी हॉटेलांतली काळपट, गोल पाठीची खुर्ची ती हीच, किंवा तिच्याच घराण्यातली. वाफवलेल्या लाकडात रेषा वळणाबरोबर वळतात, म्हणून बारीक असूनही ते दणकट असतं. वेतही उष्णता देऊनच वाकवतात.

४. थर चिकटवून: पातळ पापुद्र्यांना डिंक लावून साच्यात दाबायचं. फिनलंडच्या आल्वार आल्टोने १९३० च्या दशकात याच पद्धतीने खुर्च्या केल्या. आपल्याकडचे सुतार यासाठी वाकणारा प्लाय, म्हणजे फ्लेक्सी प्लाय वापरतात. काही जण साध्या प्लायला मागून जवळजवळ खाचा पाडून तो वाकवतात. खाचांची पद्धत शोभेच्या पॅनेलला ठीक. वजन झेलायचं असेल तिथे ती चालत नाही.

५. फोमने: आत चौकोनी सांगाडा आणि वरून फोम कापून गोल केलेला. स्वस्त पद्धत आहे, दिसायलाही गुबगुबीत. पण फोम हलका असेल तर वर्ष-दोन वर्षांत कडा बसतात आणि आतला चौकोन बाहेर डोकावतो.

म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नको. "ही गोलाई कशी केली आहे?" हा हवा. विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर सोफा उलटा करून खालून बघायला मागा.

सोफा: आधी जमिनीवर खडूने काढा

गोल सोफ्याची पाठ बाहेर फुगलेली असते. भिंतीला लावला की मधला भाग टेकतो आणि दोन्ही टोकं पुढे येतात. ८ फुटी सोफ्याची टोकं फूटभर पुढे येतात असं धरू. सोफ्याची खोली ३ फूट असेल, तर तो प्रत्यक्षात ४ फूट जागा खातो. आता १० फूट रुंदीच्या हॉलचा हिशेब: सोफा ४, पायांसाठी दीड, सेंटर टेबल २, टीव्ही युनिट दीड. उरला १ फूट. सरळ सोफा असता तर २ फूट उरले असते. एक माणूस आरामात जायला अडीच फूट लागतात. म्हणजे सरळ सोफ्यातही अडचण आहे, गोल सोफ्यात तर वाटच बंद.

टोकांमागच्या फटीत धूळ, चेंडू, रिमोट जमा होतात ते वेगळंच. तिथे झाडू पोचत नाही, म्हणून दर रविवारी सोफा ओढावा लागतो.

आणखी एक गोष्ट फोटोत कळत नाही. आपल्याकडे सोफा फक्त बसायला नसतो. लग्नकार्याला, गणपतीला पाहुणे आले की त्यावर कोणीतरी झोपतं. वळलेल्या सोफ्यावर पाठ सरळ करता येत नाही. त्याच्या खाली चादरी-उश्यांचा कप्पाही सहसा निघत नाही. तयार कव्हर मिळत नाहीत, ती शिवूनच घ्यावी लागतात आणि वळणामुळे कापडही जास्त लागतं.

मग गोल सोफा कोणी घ्यावा? ज्यांचा हॉल १४-१५ फुटांच्या पुढे आहे, सोफा भिंतीपासून सोडून मधोमध ठेवता येतो आणि मागून वाट मोकळी राहते, त्यांनी. तिथे हा आकार खुलतो. बसलेली माणसं एका रांगेत न राहता एकमेकांकडे तोंड करतात, गप्पा रंगतात. घेताना तो दोन-तीन तुकड्यांत सुटणारा घ्या. अखंड वळण लिफ्टमध्ये आणि ३ फुटी दारातून शिरत नाही. जिन्याच्या वळणावर अडकलेला सोफा परत पाठवायचा म्हटलं की गाडीभाडं आपल्याच माथी येतं.

लहान हॉलमध्ये सरळ सोफा ठेवून त्याचे हात आणि पुढची कड गोल करून घ्या. शेजारी एखादी गोल पाठीची खुर्ची ठेवा. डोळ्याला गोलाई मिळते, वाटही राहते.

घरात वयस्कर माणसं असतील तर बैठकीची उंची मोजा. गुबगुबीत गोल सोफे बरेचदा बुटके असतात. गुडघे दुखणाऱ्याला त्यातून उठता येत नाही. बैठक १७-१८ इंच उंच आणि हाताला टेकायला घट्ट, सरळ दांडा असावा.

जेवणाचं टेबल: इथे गोलाई कामाची

लहान घरात गोल टेबल खरोखर जागा वाचवतं. कोपरे नसल्याने बाजूने जाणारा माणूस अडखळत नाही, आणि मधे एकच खांब असेल तर खुर्च्या कुठूनही सरकवता येतात. टेबलाखालचं पायांचं जंगल हटवायचं, या विचारानेच एरो सारिनेनने १९५० च्या दशकात एकखांबी टेबल केलं होतं. त्याचे अवतार आज प्रत्येक शहरात मिळतात. बुंधा मात्र रुंद आणि जड हवा, नाहीतर काठावर कोपर टेकला की टेबल कलंडतं.

माप कसं ठरवायचं? एका माणसाला काठाची साधारण २ फूट लांबी लागते. ३ फूट व्यासाच्या टेबलाचा परीघ सुमारे साडेनऊ फूट, म्हणजे चार माणसं. ४ फूट व्यासाला साडेबारा फूट, म्हणजे सहा.

पण हे माप प्लेटचं आहे, ताटाचं नाही. आपलं ताट १२-१३ इंचांचं. ३ फुटी, म्हणजे ३६ इंची टेबलावर समोरासमोर दोन ताटं ठेवली की २६ इंच गेले. मधे १० इंच उरले. त्यात भाताचं पातेलं, आमटी, भाजी, पोळ्यांचा डबा आणि लोणचं कसं बसणार? चौघांच्या मराठी जेवणाला साडेतीन फुटांचं टेबल घ्यावं. खुर्ची मागे सरकवायला टेबलाभोवती अडीच फूट जागा धरा, म्हणजे साडेतीन फुटी टेबलाला साधारण साडेआठ फुटांची मोकळी जागा हवी. तेवढी नसेल तर भिंतीला लागणारं चौकोनी टेबल घ्या आणि त्याचे मोकळे कोपरे गोल करा.

सुताराकडून करून घेणार असाल तर प्लायचा हिशेबही समजून घ्या. ८ बाय ४ ची शीट ३२ चौरस फुटांची. त्यातून ४ फुटांच्या आतबाहेरचे दोनच गोल निघतात, ते मिळून सुमारे २५ चौरस फूट. उरलेले ७ चौरस फूट म्हणजे तीन टोकांचे तुकडे, जे सहसा कशालाच लागत नाहीत. गोल काम महाग पडतं ते असं. त्या तुकड्यांतून कोपऱ्यातली फळी किंवा देवघराची पायरी निघेल का, हे शीट कापण्याआधी विचारा.

कोपरे: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात गरजेचं

घरात एकच गोल गोष्ट करायची असेल तर ही करा. वर्षाच्या मुलाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर असते, आणि जेवणाच्या टेबलाची उंचीही तेवढीच. दोन वर्षांचं मूल सुमारे ८५ सेंटिमीटरचं, आणि स्वयंपाकाचा ओटाही ८२ ते ८६ सेंटिमीटरचा. म्हणजे मूल चालायला लागतं तेव्हा टेबलाचा कोपरा त्याच्या डोक्याशी येतो आणि धावायला लागतं तेव्हा ओट्याचा.

सुताराची जुनी युक्ती सोपी आहे: कोपऱ्यावर वाटी उपडी ठेवायची, पेन्सिलने रेघ मारायची आणि तेवढं कापायचं. दीड-दोन इंचांची ही गोलाई पुरते. सेंटर टेबल, पलंगाचं पायथ्याकडचं टोक, टीव्ही युनिट, पॅसेजकडे येणारं कपाट आणि ओट्याचा बाहेरचा कोपरा, एवढ्या पाच जागा पाहा. ग्रॅनाइट बसवण्याआधीच कोपरा गोल आणि कड हाफ राउंड करून मागा. कडेचं काम फुटावर आकारतात. बसवून झाल्यावर तेच काम करताना घरभर धूळ होते आणि दगड चिरण्याचीही भीती असते.

प्लायच्या गोल कडेला साधा जाड लॅमिनेट वळत नाही, तडकतो. तिथे वाकणारी एज बँड पट्टी किंवा लाकडी पट्टी लावून पॉलिश करा. पलंगाच्या कोपऱ्याचा फायदा मोठ्यांनाही होतो. रात्री दिवा न लावता उठणाऱ्या प्रत्येकाच्या नडगीला तो ठाऊक असतो.

कमान: वाड्यातली आणि फ्लॅटमधली

जुन्या घरातली दगडी किंवा विटांची कमान वरचं वजन बाजूच्या भिंतींवर उतरवायची. फ्लॅटमध्ये ते काम काँक्रीटची तुळई करते. तिथली कमान ही प्लाय किंवा जिप्समची झूल असते. हे एकदा समजलं की दोन चुका टळतात. एक, कमानीसाठी तुळई किंवा खांब फोडायचा नाही. दोन, जुनं घर दुरुस्त करताना "ही तर शोभेची" म्हणून खरी कमान काढायची नाही. ती काढली तर वरची भिंत बसेल.

उंचीचं गणितही करा. अर्धगोल कमान रुंदीच्या निम्मी उंची खाते. ७ फूट उंच, ५ फूट रुंद मोकळ्या जागेत अर्धगोल बसवला तर वळण साडेचार फुटांवरच सुरू होतं. कडेपासून सहा इंचांवर उंची उरते फक्त ६ फूट. कपाट, फ्रीज आत नेताना वरचे कोपरे अडकतात. रुंद जागेला चपटी कमान करा, किंवा फक्त वरचे दोन कोपरे फूटभर गोल करा. दिसतं तेवढंच छान.

हवा पाहून सामान निवडा

गोवा, कारवार, सिंधुदुर्गात पावसाळा चार महिने भिंतीत मुरतो. तिथे एमडीएफचं वळणदार काम फुगतं, बंद सोफ्याच्या तळाला बुरशी येते. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा घ्या, डिंक पाण्याला टिकणारा घ्या, आणि सोफ्याला जमिनीपासून चार-सहा इंच पाय द्या, म्हणजे खालून हवा खेळते. बेळगावातही पाऊस कमी नाही. बाहेरच्या भिंतीला गोल पॅनेल चिकटवण्याआधी भिंतीची ओल पाहा.

ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबादकडे त्रास उलटा. कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, वाकवलेल्या खुर्चीचे स्क्रू ढिले होतात, वेत कडक होऊन तुटतो. तिथे पावसाळ्याआधी एकदा स्क्रू आवळावेत आणि वेताच्या बैठकीला खालून ओल्या फडक्याने पुसून घ्यावं. कूलरच्या थेट झोतात मात्र लाकडी वस्तू ठेवू नये.

डोळ्याला गोल का आवडतं

याचाही अभ्यास झाला आहे. मोशे बार आणि मायटल नेटा या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की टोकदार कडांच्या वस्तूंपेक्षा गोल कडांच्या वस्तू लोकांना जास्त आवडतात. ओशिन वार्तानियन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये खोल्यांची छायाचित्रं दाखवून विचारलं, तेव्हा वळणदार खोल्या लोकांना जास्त सुंदर वाटल्या. पण "या खोलीत जावंसं वाटतं का?" या प्रश्नाच्या उत्तरात गोल आणि सरळ असा फरक पडला नाही. सुंदर दिसणं आणि पाय आत वळणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे आपल्या सोफ्यालाही लागू आहे.

फक्त डोळ्याचीच हौस असेल तर ती स्वस्तात भागते. गोल आरसा, गोल चटई, वेताची टोपली, कोपऱ्यात माठ किंवा पितळी घंगाळ. मन भरलं तर हलवताही येतात.

ऑर्डर देण्याआधी

- वस्तूचा खरा आकार जमिनीवर खडूने काढा आणि दोन दिवस त्याच्या बाहेरूनच चाला.
- गोलाई कापून, कातून, वाकवून, थर चिकटवून की फोमने केली, ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या.
- दार, जिना आणि लिफ्ट मोजा.
- कापड, कव्हर, फोम उद्या इथलाच माणूस बदलून देईल का?
- घरातलं सर्वांत लहान मूल आणि सर्वांत वयस्कर माणूस, दोघांना ती वस्तू चालेल का?

आणि शेवटचं. नवीन गोल खुर्ची घेण्याआधी माळा बघून या. आजोबांच्या काळातली वाकवलेली खुर्ची, वेत तुटलेली आरामखुर्ची किंवा कातीव पायांचा पलंग तिथे पडलेला असू शकतो. भंगारात तो लाकडाच्या वजनाने जातो. वेत विणणारा गावात असेल तर बैठक नव्याने विणून मिळते, सांधे आवळले आणि पॉलिश मारलं की ती खुर्ची पुढची पंचवीस वर्षं उभी राहते. फोटोतल्या गोलाईसाठी आपण जे पैसे मोजायला निघालो होतो, त्यातले बरेचसे वाचतात, आणि गावातल्या कारागिराच्या हातालाही काम मिळतं.